सपाट पोटाची बोलणी

माझ्या पोटामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. पोट वाढलं म्हणून नव्हे, ते कमी करायला गेलो म्हणून.

यात पोटाचा काहीही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते स्वभावाने शांत होतं. लग्नानंतर हळूहळू पुढे आलं आणि मग कुणाच्या अध्यात ना मध्यात असं तिथेच राहिलं. मी मुंबईत एका विमा कचेरीत काम करतो. म्हणजे दिवसभर बसतो, आणि विरारजवळ बोळिंजला घरी आलो की बसून बसून दमल्यामुळे पुन्हा बसतो. बायको स्मिता शाळेत शिकवते. मुलगी गौरी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या पाठी, खांदे, गुडघे ती दिवसभर सरळ करते आणि घरी आल्यावर माझ्याकडे बघून उसासा टाकते.

या गौरीने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा निनाद चौधरी, वसईजवळच्या गिरीजचा. नोकरी कॉम्प्युटरची, घरची केळी-नारळाची वाडी. आमची हरकत असण्याचं काही कारणच नव्हतं. निनादचे वडील सुधाकरभाऊ यांची आणि माझी पहिली भेट वसईच्या एका हॉटेलात झाली. माणूस वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण अंगाने सुपारीच्या झाडासारखा. अजून स्वतः नारळावर चढतात म्हणे. निघताना निनादने आम्हा दोघांचा फोटो काढला. फोटोत मी एका कडेला उभा होतो, पण माझं पोट मात्र बरोबर मधोमध होतं.

स्मिताने तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. चिपळूणहून माझ्या बहिणीचा लगेच मेसेज आला, "छान आलाय फोटो. दादा, पोटाशी काय धरलंयस?"

मी काहीही धरलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं की गिरीजला बोलणी करायला जाईन तो सपाट पोटाने. मुलीच्या बापाने व्याह्यांसमोर उभं राहायचं तर कसं, दोन झाडं शेजारी उभी आहेत असं वाटायला हवं. (सध्या एक झाड आणि एक पाण्याची टाकी असं दिसत होतं.)

मी गौरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नुसतं पोट कमी करायचं असेल तर काय करतात गं?"

"कुणाचं?"

"आहेत ऑफिसात एक जण."

ती माझ्या पोटाकडे बघतच म्हणाली, "त्यांना सांगा, नुसतं पोट कमी होत नसतं. कमी होते ती सगळ्या अंगाची चरबी, त्यात पोटाचीही जाते. रोज भरभर चालायचं, रात्रीचा भात आवरायचा, झोप नीट घ्यायची. प्लँकने, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर अंग ताठ धरून, सुरुवात करायची, तीही गुडघे टेकवून. मग हळूहळू वाढवायचं."

"आणि किती दिवसांत..."

"महिने म्हणा, बाबा."

मला हा सल्ला अजिबात आवडला नाही. एक तर त्यात भात आवरायचा होता. दुसरं म्हणजे गुडघे टेकवून व्यायाम हा मला अपमान वाटला. मी मोबाइलवर शोधलं आणि मला एक तरुण सापडला. उघडाबंब. त्याला पोट नव्हतंच, पोटाच्या जागी जिना होता. तो हिंदीत सांगत होता की लोक तुम्हाला मूर्ख बनवतात, कमर काही दिवसांत आत जाते, फक्त आग लागली पाहिजे. पोटच्या पोरीने चार-पाच वर्षं त्याच विषयात डोकं घालून मिळवलेलं ज्ञान मी बाजूला ठेवलं आणि शर्ट न घालणाऱ्या एका अनोळखी माणसावर विश्वास ठेवला. सुशिक्षित माणूस असाच वागतो.

आमच्या सोसायटीत जिम आहे. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, आणि तेव्हापासून तिथे कमिटीच्या मीटिंगा होतात. धावायच्या यंत्रावर अजून प्लास्टिक आहे आणि प्लास्टिकवर सेक्रेटरींची छत्री. तेव्हा व्यायाम घरीच करायचं ठरलं. मी पोटाचं चाक मागवलं. म्हणजे दोन्ही बाजूंना मुठी असलेलं एक छोटं चाक. गुडघ्यांवर बसून ते पुढे ढकलत न्यायचं आणि पोटाच्या जोरावर परत यायचं. शिवाय शेजारच्या कामतांनी त्यांचा घामाचा पट्टा दिला. जाड रबरी कापडाचा, कमरेभोवती आवळून वेल्क्रोने चिकटवायचा.

"नुसता बांधून बसलात तरी कमर दोन बोटं आत," कामत म्हणाले.

"तुमची गेली?"

"मी बांधतच नाही. गुदमरायला होतं."

एवढं सगळं आल्यावर व्यायामाची घाई उरली नाही. साधनं घरात आली की अर्धा व्यायाम झाल्यासारखं वाटतं. चाक पलंगाखाली गेलं, पट्टा कपाटात गेला, आणि मी सकाळी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत भरभर चालू लागलो. असे काही आठवडे गेल्यावर एका शनिवारी स्मिता म्हणाली, "उद्या गिरीजला जायचंय ना, तुमचा झब्बा इस्त्रीला टाकलाय."

मी झब्बा घालून आरशात बघितलं. टाकी जागच्या जागी होती.

मग मी दार लावून घेतलं आणि राहिलेले सगळे आठवडे त्या एका दुपारी भरून काढले. पाठीवर पडून उठलो, पुन्हा पडलो, पुन्हा उठलो. पाय वर नेले, खाली आणले. हवेत सायकल चालवली. शेवटी चाक घेतलं. जाताना फार छान गेलो. परत येताना आलो नाही. पालथा पडून राहिलो आणि तसाच थोडा झोपलोही. पण संध्याकाळी अंग हलकं वाटत होतं. आरशात पोट आत गेल्यासारखं दिसत होतं. मी स्मिताला म्हटलं, "बघ, काही फरक?"

"केस कापलेत का?" ती म्हणाली.

रविवारी सकाळी जाग आली आणि उठायला गेलो तर उठताच येईना. मान वर होत होती, पाय हलत होते, पण मधला जो माणूस होता तो लाकडाचा झाला होता. कुशीवर वळून, पलंगाच्या कडेवरून गडगडत मी खाली उतरलो. खोकला आला तर डोळ्यांसमोर काजवे. गौरीला सांगावं तर ती नालासोपाऱ्याला एका पेशंटकडे गेली होती, तिथून स्कूटरवर परस्पर गिरीजला येणार होती. आणि खरं सांगायचं तर ती घरी असती तरी मी सांगितलं नसतं. दुखणं परवडलं, पण तिचं "मी काय म्हटलं होतं" परवडत नाही.

मी विचार केला, दुखतंय म्हणजे आधार द्यायला हवा. म्हणून कामतांचा पट्टा आवळून बांधला. वरून झब्बा चढवला. आरशात पाहिलं आणि क्षणभर दुखणं विसरलो. पोट खरोखर गायब होतं. (ते कुठे गेलं हे श्वास घेताना कळत होतं. ते वर आलं होतं.)

बोळिंज ते गिरीज रिक्षाने गेलो. रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही. रिक्षावाल्याने मात्र एकदा मागे वळून विचारलं, "काका, गाणं म्हणताय का?"

चौधरींचं घर वाडीच्या मधोमध आहे. चारी बाजूंना केळी, मागे विहीर, पुढे मोठा ओटा. सगळे स्वागताला उभे होते: सुधाकरभाऊ, त्यांच्या पत्नी शुभांगीताई, निनाद आणि भाऊंच्या थोरल्या बहीण मालूआत्या. या मालूआत्यांबद्दल गौरीने आधीच बजावलं होतं. त्यांनी लग्न केलं नाही, आयुष्यभर वाडी बघितली, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. "पाया नक्की पडा, बाबा. आत्यांना मान दिला की सगळं झालं."

स्मिता पाया पडली. मग मी पुढे झालो, वाकायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाटेत पोटाने नकार दिला. पट्टा खालून रुतला, स्नायू वरून ओरडले. मी होतो तिथेच थांबलो आणि त्या अवस्थेत हात जोडले. बघणाऱ्याला असं वाटलं असणार की हा माणूस वाकणार होता, पण मध्येच त्याचा विचार बदलला.

"राहू दे," मालूआत्या म्हणाल्या. "फ्लॅटमधल्या लोकांना वाकायची सवय नसते."

स्मिताने माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ झालो. सरळ होतानाही दुखलं.

मला ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसवलं. बसणं म्हणजे पडणंच होतं. मी एकदा आत गेलो तो गेलो. शुभांगीताईंनी सुकेळी आणली. घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखा रंग. सोबत हळदीच्या पानातल्या पातोळ्या, वर तूप.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "आत्यांनी स्वतः वाळवलीत."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण पट्ट्याच्या आत एक घोट पाणी जायलाही जागा नव्हती. "नको," मी म्हणालो. श्वास पुरेना म्हणून एवढाच शब्द बाहेर आला. "खात नाही" असा काहीसा अर्थ त्यातून निघाला असावा, कारण ताट पुढे धरलेला हात हळूच मागे गेला. शुभांगीताई आत गेल्या. आत काहीतरी बोलणं झालं. ती त्यांची घरची बोली, मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण सूर कळायला भाषा लागत नाही.

वातावरण सैल करायला सुधाकरभाऊंनी किस्सा सुरू केला. किस्से सांगण्यात हा माणूस पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"आमच्या मागे नवीन बंगला झालाय. मुंबईचे साहेब आलेत. एक दिवस सकाळी आले, म्हणाले, तुमचा कोंबडा रविवारीसुद्धा पहाटे आरवतो. रविवारी तरी जरा उशिरा आरवला तर बरं होईल. मी म्हटलं, साहेब, माझं तो ऐकत नाही, तुम्हीच एकदा बोलून बघा. तर साहेब खरंच गेले हो खुराड्याकडे. आणि त्याला इंग्रजीत..."

स्मिता तोंडाला पदर लावून हसत होती. निनाद हसत होता. मालूआत्यासुद्धा हसल्या. आणि माझ्या पोटात हसू नावाचं जनावर उठून उभं राहिलं. ते बाहेर आलं असतं तर मी मेलो असतो. मी ओठ दाबले, खुर्चीचे हात घट्ट पकडले, श्वास रोखला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. साहेब आणि कोंबडा यांचं पुढे काय झालं ते कळू नये म्हणून मी समोरच्या केळीच्या पानाकडे एकटक बघत राहिलो.

भाऊंनी किस्सा अर्धवटच सोडला.

"तुम्हाला वाईट वाटलं का साहेब?" त्यांनी विचारलं. मघापर्यंत मी अनंतराव होतो. आता मीही साहेब झालो होतो. "म्हणजे, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते."

"नाही," मी म्हणालो. दात आवळूनच.

"चला, वाडी तरी बघून घ्या," निनाद म्हणाला. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. "विहिरीपर्यंत जाऊन येऊ, काका."

सगळे उठले. मी उठायचा प्रयत्न केला. बाहेरून तो कुणाला दिसला नाही, कारण त्यात माझी फक्त हाताची बोटं हलली.

"मी बसतो इथेच," मी म्हणालो.

इतका वेळ जे काही अगत्य उरलं होतं तेही आता थंड पडलं. पाया पडला नाही, घरचं खाल्लं नाही, हसला नाही, आता वाडीही बघत नाही. भाऊ समोर येऊन बसले आणि अगदी नीट, सावकाश बोलले.

"साहेब, आम्ही वाडीतली माणसं. मनात एक आणि ओठावर एक आम्हाला जमत नाही. मुलांनी ठरवलं म्हणून तुम्ही नाइलाजाने आला असाल, तर तसं सांगा. पोरगी तुमची सोन्यासारखी आहे. पण तिने या घरात यायचं आणि तिच्या बापाला इथलं पाणीही गोड लागू नये, हे बरं नाही. आपण घाई नको करूया. पुढे कधीतरी बघू."

स्मिताचा चेहरा उतरला. निनाद तर वाडीच्या वाटेकडे बघत उभा होता, गौरी येताना दिसते का म्हणून. आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पोरगी अजून रस्त्यात होती, आणि ती पोचायच्या आत मी तिचं लग्न मोडलं होतं. तेही तोंडातून एक वाईट शब्द न काढता. खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

त्याच वेळी आत कुणीतरी सुक्या मिरच्यांची फोडणी दिली.

नाकाला झणका लागला. मी नाक दाबलं, देवाचं नाव घेतलं, तरी शिंक आलीच. पोटातून जणू कुणी दोरखंड ओढून काढला. मी ओरडलो. झब्ब्याच्या आत खर्रर्र असा मोठा आवाज झाला, इतका वेळ कोंडलेलं पोट एकदम पुढे आलं, झब्ब्याचं बटण उडालं, आणि मी खुर्चीतून घरंगळत ओट्यावर आलो. दोन्ही हातांनी पोट धरून, गोगलगायीसारखा.

"अहो," स्मिता किंचाळली.

"काहीतरी फाटलं आतमध्ये," मालूआत्या म्हणाल्या. "मी आवाज ऐकला."

निनाद गाडीची किल्ली आणायला धावला. भाऊंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. "घाबरू नका अनंतराव, आपण आत्ता पोचतो दवाखान्यात," ते म्हणत होते. त्याच गडबडीत गौरीची स्कूटर अंगणात आली. ती धावत वर आली आणि माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"नाही."

"हात? जबडा? चक्कर?"

"नाही."

"मग कुठे?"

मी बोटाने दाखवलं. तिने दोन बोटांनी हलकेच दाबलं. मी ओरडलो. तिने दुसऱ्या बाजूला दाबलं. मी तसाच ओरडलो. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मघापासूनची डॉक्टरीण गेली आणि तिथे माझी मुलगी आली.

"काल काय केलंत?"

"काही नाही."

तिने पुन्हा दाबलं.

"सगळं केलं," मी म्हणालो. "क्रंचेस केल्या. पाय वर केले. ती सायकल. आणि चाक."

"कुठलं चाक?"

"पलंगाखाली आहे ते?" स्मिताने विचारलं. "मला वाटलं पापडाचं लाटणं आहे."

गौरीने झब्बा थोडा वर केला. आत कामतांचा पट्टा एका बाजूने सुटून लोंबत होता.

"ऑपरेशन झालंय का यांचं?" शुभांगीताईंनी हळूच विचारलं.

"नाही," गौरी म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती. "बाबांना तुमच्यासमोर बारीक दिसायचं होतं."

मी डोळे मिटून घेतले. मग म्हटलं, आता लपवायला काय राहिलंय, आणि पडल्या पडल्या सगळं सांगून टाकलं. फोटो, बहिणीचा मेसेज, उघडा तरुण, वडापावची गाडी. सुकेळी बघून तोंडाला सुटलेलं पाणी. आणि कोंबड्याला साहेब इंग्रजीत काय बोलले ते मला अजून ऐकायचंय, पण कृपा करून उद्यापर्यंत सांगू नका.

पहिल्या हसल्या त्या मालूआत्या. भिंतीला टेकून, डोळे पुसत हसल्या. मग सगळेच सुटले. मीही हसलो, आणि प्रत्येक हसण्यामागे एकदा विव्हळलो, त्यावर ते आणखी हसले.

"मला वाटलं, माणूस आखडू आहे," आत्या म्हणाल्या. "हा तर नुसता आखडलाय."

बाकीची बोलणी मग मी आडवाच असताना झाली. त्यांनी मला चटई आणि उशी दिली. मुलीच्या लग्नाची तारीख मी पाठीवर पडून, छताच्या वाशांकडे बघत ठरवली. दर वेळी "तुमचं काय मत?" असं विचारताना सगळ्यांना माझ्यावर वाकावं लागत होतं. गौरी जवळ बसून मला एकेक सुकेळी भरवत होती. तोंडाने मात्र चालूच होतं, "गुडघे टेकवून करा म्हटलं होतं मी."

लग्न झालं. गौरी गिरीजला गेली आणि जाताना माझा ताबा स्वतःकडेच ठेवून गेली. रोज संध्याकाळी फोन येतो. चाललात का, काय जेवलात, प्लँक केलात का. चाक कामतांना दिलं. त्यांनी ते कुठे ठेवलंय हे त्यांनाही आठवत नाही. मी मुकाट्याने चालतो, वडापावच्या गाडीच्या उलट्या दिशेने. भात एक वाटी. प्लँक आधी गुडघे टेकवून, मग न टेकवता. कित्येक महिने लागले, पण पोट खरंच उतरलं. पँटी सैल झाल्या, शिंप्याकडे जावं लागलं. ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. सोसायटीत नाही. स्मिता म्हणाली, केस कापलेत का.

गेल्या आठवड्यात गिरीजला गेलो होतो. मुद्दाम शर्ट खोचून गेलो. ओट्यावर चढलो, मालूआत्यांसमोर पूर्ण वाकून पाया पडलो, एका झटक्यात सरळ उभा राहिलो. आत्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. थांबल्या. पुन्हा कमरेकडे बघितलं. माझी छाती भरून आली. एवढ्या महिन्यांत माझी कमर कुणाच्या तरी डोळ्यात भरली होती.

मग त्यांनी गौरीला हाक मारली.

"अगं, बापाला एकदा डॉक्टरला दाखव. काहीतरी मोठं दुखणं दिसतंय, सांगत नाही तो."